जपानीतली रांग, मिरवणूक आणि गाडी: या चुका टाळा

लोकलच्या दारात लोंबकळत असलो तरी आपण फोनवर सांगतो, "बसलो गाडीत." आणि मग तेच जपानीत: देन्शा नि सुवारिमाशिता. अहो, सुवारु म्हणजे बूड टेकणं! गाडीत चढणं, गाडीनं जाणं, याला नोरु. देन्शा नि नोरिमाशिता.

माझी एक विद्यार्थिनी तोक्योत नोकरीला लागली. पहिल्याच आठवड्यात उशीर झाला म्हणून तिनं साहेबांना मेसेज केला, "आत्ता गाडीत बसले." अर्थातच सुवारु. उत्तर आलं, "योकात्ता देसु ने." बरं झालं हो! सकाळच्या त्या गर्दीत हिला जागा मिळाली, याचंच त्यांना कौतुक. ही बिचारी दाराच्या काचेला गाल चिकटवून उभी, आणि साहेब चिडले कसे नाहीत या कोड्यात. रात्री मला फोन. आधी हसून घेतलं, मग विचारलं, "वहीत नोरु कुठे लिहिलंयस?" वहीच नव्हती. मोबाइलवर कार्डं उलटली होती: देन्शा म्हणजे ट्रेन, चला पुढे. महिन्यात हजार शब्द करायची घाई असलेल्यांचं हे असंच होतं. माझ्या वहीत क्रियापदाचं बोट धरल्याशिवाय एकही नाम येत नाही. सावकाश होतं, होऊ दे.

दुसरी डोकेदुखी 'लाईन'. आपल्याकडे सेंट्रल लाईन, तिकिटाची लाईन, वहीतली लाईन, सगळं एकच. जपानीत रेल्वेची ती सेन: यामानोते-सेन, च्युओ-सेन. १९६४ साली सुरू झालेल्या शिन्कान्सेनमध्येही हीच सेन आहे, 'नवी मुख्य लाईन'. म्हणजे नाव मुळात मार्गाचं. माणसांची रांग मात्र रेत्सु. रांगेत उभं राहणं रेत्सु नि नाराबु. 'सेन नि नाराबु' म्हणालात तर समोरचा रुळांकडे बघेल.

रेत्सुही सरळ नाही. थिएटरात ती खुर्च्यांची आडवी रांग, एक्सेलमध्ये उभा कॉलम. तिथली आडवी रो म्हणजे ग्यो. भाषांतराच्या एका कामात 'तिसरी रेत्सु काढा' वाचून मी तिसरी रो उडवली. क्लायंटनं फाइल परत पाठवली, वर माफीही त्यानंच मागितली. तेव्हापासून सूचनेत रेत्सु दिसली की मी आधी कॉलमवर बोट ठेवतो. ग्यो आणि रेत्सु जोडले की ग्योरेत्सु: गणितात मॅट्रिक्स, रामेनच्या दुकानाबाहेर लांबलचक रांग, उत्सवात मिरवणूक.

बाकीच्या चुका पटापट. ट्रेनसाठी 'रेत्सुशा' असा शब्द नाही, रेश्शा. तोही स्टेशनवरच्या घोषणेत शोभतो, गप्पांत देन्शा. किशा म्हणजे कोळशाची गाडी, जुन्या पुस्तकातून उचलून तोक्योत वापरू नका. 'गाडी पकडली' म्हणून त्सुकामाएरु नको, ते टॅक्सीला चालतं. ट्रेन वेळेत गाठली तर मा नि आउ. स्वतः रांगेत लागलात तर नाराबु, चपला ओळीत लावल्या तर नाराबेरु.

आणि प्रत्येक मिरवणूक ग्योरेत्सु नसते. क्योतोत २२ ऑक्टोबरला जिदाइ मात्सुरीत (मात्सुरी म्हणजे उत्सव) जुन्या काळचे पोशाख घालून निघते ती ग्योरेत्सु. जुलैत गिओन मात्सुरीचे रथ निघतात, त्याला जुन्को. विसर्जनाला ग्योरेत्सु म्हटलं की जपानी माणसाच्या डोळ्यांपुढे गप्प, शिस्तीत चालणारी मंडळी येतात. मी सरळ पारेएदो म्हणतो, आणि ढोल हातवारे करून दाखवतो.