वाइड-अँगल (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सने रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रणाचा सराव कसा करावा

सरावाची जागा निवडताना शहराची दिशा आधी पाहावी. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग वृश्चिकेच्या शेपटीजवळ, म्हणजे दक्षिणेकडे असतो. त्यामुळे शहराच्या दक्षिणेला जाऊन थांबल्यास दिव्यांचा उजेड पाठीमागे राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या छायाचित्रकाराला पैठणकडचा नाथसागराचा परिसर म्हणूनच सोयीचा पडतो. शेतात उभे राहायचे असल्यास मालकाची परवानगी घ्यावी आणि उजेड असतानाच जागा पायी फिरून पाहावी, कारण आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ आहेत.

दिवस अमावास्येच्या आसपासचे निवडावेत. वैशाखात मध्यरात्रीच्या सुमारास वृश्चिक बरीच वर आलेली असते, परंतु त्या दिवसांत हवेत धूळ असते. अवकाळी पाऊस पडून गेल्यानंतरची निरभ्र रात्र मिळाली तर ती सोडू नये. नवशिक्याने मात्र कार्तिक-मार्गशीर्षात सुरुवात करावी, असे माझे मत आहे, कारण पावसाने हवा धुतलेली असते आणि कृत्तिका, रोहिणी, मृग ही ठळक नक्षत्रे सहज ओळखता येतात.

महागडी लेन्स लगेच घेण्याची गरज नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स १८ वर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्यावर, ठेवून ट्रायपॉडवर लावावी, मॅन्युअल मोड आणि रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल निवडावी, अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ ३.५ एवढे पूर्ण उघडावे, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ठेवावा आणि लेन्समधील स्थिरीकरण बंद करावे. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

खरी मेहनत फोकसवर घ्यावी लागते. लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये, कारण ती अनेकदा नेमकी नसते. ऑटोफोकस बंद करून लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावरील थेट चित्रात) व्याधासारखा तेजस्वी तारा मध्यभागी आणावा, चित्र दहापट मोठे करावे आणि ताऱ्याचा ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत रिंग अगदी हळू फिरवावी. तो बारीक होऊन पुन्हा फुगू लागला की थोडे मागे यावे. हीच कृती एका रात्रीत दहा वेळा, दर वेळी रिंग मुद्दाम बिघडवून, करावी. हाताला सवय लागण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. कडुनिंबाचे झाड किंवा कडब्याची गंजी चौकटीत घ्यायची असल्यास ती पाच-सहा मीटरपेक्षा दूर असावी, म्हणजे ताऱ्यांवरच्या फोकसमध्येही ती बऱ्यापैकी स्पष्ट येते.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्यामुळे शटर जास्त वेळ उघडे राहिल्यास ताऱ्यांच्या रेघा उमटतात. त्यासाठी ५०० या संख्येला लेन्सच्या मिलिमीटरने भागून शटरचे सेकंद काढण्याचा ढोबळ नियम आहे. दीडपट क्रॉप असलेल्या, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवर १८ मिलिमीटर २७ सारखे वागते, म्हणून उत्तर सुमारे १८ सेकंद येते. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना हा आकडा सैल पडतो, तेव्हा १२ सेकंदांपासून सुरुवात करावी. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण खगोलीय विषुववृत्तालगत (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या रेषेलगत) असल्याने रेघा तिथे सर्वांत लांब दिसतात, तर आपल्याकडे उत्तर क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असलेल्या ध्रुवाजवळ त्या अगदी आखूड असतात. दोन्हीकडे ८, १२, १८ आणि २५ सेकंदांची छायाचित्रे घ्यावीत, घरी ती पूर्ण मोठी करून पाहावीत आणि ज्या वेळेला बाणाचे तारे गोल दिसतात ती वेळ वहीत लिहून पुढच्या अमावास्येला तिच्यापासूनच आरंभ करावा.