मामांच्या माळ्यावरची बारा बोअर दुनळी

परवानाधारक वारले असतील तर बंदूक घरी ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. मामा वारल्यावर त्यांची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) विक्रेत्याकडे दिली, तपासणीही तिथेच.

आधी बंदूक बिजागरीवर उघडून नळ्यांत काडतूस नाही ना, हे पाहिलं. (ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची बंदूक असेल तर आत गज घालून खोली मोजा, जुना बार, म्हणजे भरून राहिलेली दारू, सापडू शकतो.) मग पुढची लाकडी पकड काढली, कारण तिची स्प्रिंग सांध्यातला ढिलेपणा लपवते. बंद बंदूक हलवल्यावर खडखडली, म्हणजे बिजागरीची पिन झिजलेली. नळ्या टांगून टिचकी मारली. आवाज घणघणीत आला. बद्द आला असता तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचं डाख सुटलेलं.

खरा धोका चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाचा. त्याच्या लांबीचा शिक्का ६५ मिमीचा होता. ७० मिमीचं काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळीवर वेटोळी नक्षी असेल तर आधुनिक काडतूस नकोच.

वरचा गंज तेल आणि मऊ पितळी ब्रशने गेला. पॉलिश पेपर लावू नका, काळा थर निघतो. आतले खोल खड्डे तसेच आहेत. सांधा घट्ट करण्याचा खर्च अशा स्वस्त बंदुकीला परवडत नाही.