खरी 'डबल डाय' की झिजलेला डाय?

नाण्यावरची अक्षरं दुहेरी दिसली की ते 'डबल डाय' म्हणून जादा किमतीला विकलं जातं. डाय म्हणजे नाण्यावर चित्र आणि अक्षरं उमटवणारा धातूचा साचा. असं नाणं तपासताना आधी वजन आणि व्यास. 1992 ते 2004 दरम्यानचा स्टीलचा एक रुपया 4.85 ग्रॅम, 25 मिलिमीटर. मग सालाखालची टांकसाळीची खूण: मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. मात्र डायच्या खळग्यात ग्रीस आणि मळ साचला की खूण अर्धवट उमटते किंवा उमटतच नाही. म्हणून खूण दिसली नाही की लगेच 'कोलकाता' म्हणू नका. कोपरे गेलेला हिरासुद्धा नोएडाचा ठिपका वाटतो. शेजारचे आकडेही पुसट असतील तर निर्णय थांबवा.

खरी कसोटी दुहेरी अक्षरांची. दहापट भिंग घ्या, दिवा एका बाजूला खाली ठेवा आणि नाणं सावकाश फिरवा. मोबाइलच्या फ्लॅशवर अजिबात विसंबू नका; त्याच्या चकाकीतून नसलेली दुहेरी रेघ दिसते.

अस्सल डबल डाय डाय तयार होतानाच घडते. ज्यावरून डाय बनतो तो मूळ ठसा डायवर एकापेक्षा जास्त वेळा दाबताना किंचित हलला, की डायमध्येच दोन प्रतिमा कोरल्या जातात. त्यामुळे नाण्यावर दोन्ही उठावदार आणि गोलसर येतात, अक्षर नेहमीपेक्षा रुंद होतं आणि रेघांच्या टोकांना स्पष्ट खाच दिसते. त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर हे त्याच जागी, त्याच दिशेला असतं.

ठोकताना सैल डाय हलला तर गोष्ट वेगळी. उमटलेलं अक्षर कडेला चेपलं जातं. तिथे सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि अक्षराचा उरलेला उठाव अरुंद होतो. याला जादा पैसे देऊ नयेत.

सगळ्यात जास्त फसवणूक तिसऱ्या प्रकारात होते. हजारो ठोके खाऊन डाय झिजतो. नाण्याचा धातू कडेकडे वाहताना डायच्या खोबणींच्या कडा खातो. अक्षरं सुजल्यासारखी होतात, त्यांना कडेच्या दिशेने धूसर सावली येते आणि मोकळी जागा संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत होते. बाहेर पसरणाऱ्या बारीक रेषा दिसल्या, खाच मात्र कुठेच नसली, तर ती झीजच. स्टील कठीण, त्यामुळे आपल्या नाण्यांवर हे सर्रास आढळतं. पाकिटातून काढलेलं कोरं, चकाकतं नाणंही झिजलेल्या डायचं असू शकतं. हाताळून झिजलेल्या नाण्याचा उंच भाग सपाट होतो, झिजलेल्या डायच्या नाण्याची अक्षरं उलट जाड असतात.

अमेरिकेचा 1955 चा एक सेंट याचं ठळक उदाहरण. अस्सल डबल डायमध्ये साल आणि बोधवाक्य नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतं. त्याच सालच्या स्वस्त नाण्यांवर फक्त शेवटच्या 5 ला फिकट सावली असते. ती डायची झीज आहे, तरीही तीही 'डबल डाय' म्हणून खपवली जाते.

शंका उरली तर त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं तीक्ष्ण उमटलेलं नाणं शेजारी ठेवून अक्षरांची रुंदी ताडून बघा. विक्रेत्याकडून एकाच अक्षराचे, दोन वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून काढलेले फोटो मागा. उजेडाची बाजू बदलताच दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल तर घेऊ नका.