क्विल्टिंगच्या कार्यशाळेला जाताना: निवड, तयारी आणि अपेक्षा

क्विल्ट, म्हणजे वरचे जोडकाम, मधला मऊ थर आणि अस्तर अशी तीन थरांची गोधडी, शिवायला शिकण्यासाठी आज पुस्तके आहेत, व्हिडिओ आहेत, तयार आराखडे आहेत, आणि अंगी चिकाटी असेल तर त्यांच्या आधारे घरबसल्या बरेच काही साधते. तरीही काही गोष्टी केवळ हाताच्या सवयीवर अवलंबून असतात. मशीनच्या दात्यांवरून कापड सरकत असताना बोटांनी ते किती धरावे आणि किती सोडावे, गोल पात्याचा रोटरी कटर फिरवताना मोजपट्टीवर दाब नेमका कुठे द्यावा, तिन्ही थरांतून सुई खाली जाताना खालच्या हाताच्या बोटाने तिचे टोक कसे ओळखावे, हे सारे एखादा जाणकार शेजारी उभा राहून हात दुरुस्त करतो तेव्हाच लवकर अंगवळणी पडते. कार्यशाळेला जाण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच आहे. पूर्ण झालेली क्विल्ट घेऊन घरी परतण्याच्या अपेक्षेने जे नाव नोंदवतात, त्यांची निराशा जवळपास ठरलेली असते, कारण कापणे, जोडणे, प्रत्येक जोडावर इस्त्री करणे, तीन थर एकमेकांवर बसवून कच्च्या टाक्यांनी धरणे, मग प्रत्यक्ष क्विल्टिंग, म्हणजे ते थर टाक्यांनी एकत्र शिवणे, आणि शेवटी कडेची पट्टी, एवढी कामे एक-दोन दिवसांत मावत नाहीत.

कोणती कार्यशाळा निवडावी

जाहिरातीतील क्विल्टचे छायाचित्र पाहून कार्यशाळा निवडू नये. आपले काम कुठे अडते याचा आधी विचार करावा आणि त्या अडचणीवर बोट ठेवणारी कार्यशाळा शोधावी. कोपरे जुळत नसतील तर अचूक कापणे आणि जोडणे शिकवणारा अर्ध्या दिवसाचा वर्गही पुष्कळ देऊन जातो. वरचा भाग छान होतो पण क्विल्टिंग करताना चुण्या पडत असतील तर मशीनवरील क्विल्टिंगचा वर्ग हवा, आणि त्यातही सरळ रेषांसाठीच्या, सारे थर एकसारखे सरकवणाऱ्या वॉकिंग फूटचा हवा की दाते खाली करून हाताने कापड फिरवण्याच्या फ्री मोशन पद्धतीचा, हे ठरवावे. अगदी नवख्या व्यक्तीने मात्र एकच साधा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक चौकोन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून घेणारी कार्यशाळा निवडावी, म्हणजे मधला थर, अस्तर आणि कडेची पट्टी यांच्याशीही ओळख होते.

नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. एका शिक्षकामागे किती जण असतील, हा पहिला. माझ्या दृष्टीने दहा-बारा ही मर्यादा आहे. त्यापुढे शिक्षकाचा वेळ शंका सोडवण्यातच जातो आणि प्रत्येकाचा हात पाहणे शक्य होत नाही. मशीन स्वतःचे न्यायचे की तिथे मिळणार, हेही विचारावे. परक्या मशीनवर शिकताना पहिला एक तास त्या मशीनशी जुळवून घेण्यातच जातो, त्यामुळे उचलून नेणे शक्य असेल तर स्वतःचेच न्यावे. इस्त्र्या किती आहेत, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण क्विल्टिंगमध्ये प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री लागते आणि वीस जणांत दोन इस्त्र्या असल्या तर दिवसाचा मोठा भाग रांगेत उभे राहण्यात जातो.

शुल्कापलीकडचा खर्चही आधी समजून घ्यावा. वर्गाची फी, कापडाच्या तयार संचाची वेगळी रक्कम आणि सोबत आणायच्या साहित्याची यादी मिळून होणारा आकडा फीच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. काही शिक्षक त्या एकाच नमुन्यासाठी विशिष्ट आकाराची मोजपट्टी विकत घ्यायला सांगतात, आणि ती पट्टी पुढे कपाटातच राहते. अशा वेळी ६ बाय २४ इंचाच्या साध्या पट्टीवर काम भागेल का, असे स्पष्ट विचारावे. बहुतेक वेळा भागते, आणि चांगले शिक्षक तसे प्रामाणिकपणे सांगतातही.

आदल्या दिवसांतली तयारी

मशीनची बॉबिन ठेवण्याची जागा आणि दात्यांखालचा भाग ब्रशने स्वच्छ करावा, कारण सुती कापडाचा भुगा तिथे साचतो आणि टाका बिघडतो. सुई नवी लावावी. जोडकामाला ८०/१२ क्रमांकाची सुई योग्य असते आणि तीन थरांतून क्विल्टिंग करायचे असेल तर ९०/१४ ची सोबत ठेवावी. दोन-तीन बॉबिन भरून न्याव्यात. मशीनचे माहितीपुस्तक, पायाने दाबायचा पेडल आणि विजेची वायर या तीन वस्तू घरी विसरण्याचे प्रमाण फार असते, म्हणून त्या सर्वांत आधी पिशवीत घालाव्यात. टाके उसवायचा सीम रिपर, धारदार कात्री, टाचण्या, पेन्सिल आणि वही एवढे झाले की बाकीचे उसने मिळू शकते.

कापड आधी कापून आणायला सांगितले असेल तर ते काम टाळू नये, कारण वर्गात बसून कापणारे दुपारपर्यंत मागे पडतात. कापड धुवायचे की नाही यावर मतभेद आहेत, परंतु गडद लाल आणि गडद निळ्या कापडाचा रंग सुटण्याचा धोका असतो, एवढे लक्षात घेऊन निदान ती तरी धुऊन घ्यावीत आणि एका रांगेत वापरायच्या कापडांपैकी काही धुतलेली, काही कोरी असे करू नये, कारण धुतल्यावर कोरे कापड वेगळ्या प्रमाणात आटते. रंगांची निवड करताना आवडत्या रंगांपेक्षा फिक्या-गडद छटांमधला फरक महत्त्वाचा असतो. सारी कापडे शेजारी मांडून मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात दोन कापडे एकसारखी राखाडी दिसली तर ब्लॉकमधली आकृती उठून दिसणार नाही, मग त्यांचे रंग कितीही वेगळे असोत.

पाव इंचाची गोष्ट

वर्गात कोणताही विषय असो, शेवटी सारे पाव इंचाच्या शिवणीवर येऊन ठेपते. बारा तुकड्यांची एक रांग घेतली तर तिच्यात अकरा शिवणी असतात. शिवण पाव इंचाऐवजी अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, आत पडली तर तेवढे कापड दोन्ही तुकड्यांतून जाते, आणि एका शिवणीमागे एक सूत कमी होते. अकरा शिवणींत अकरा सूत, म्हणजे जवळजवळ दीड इंच. शेजारच्या रांगेत तीन किंवा चारच मोठे तुकडे असतील तर ती रांग एवढी आखडत नाही, आणि मग दोन्ही रांगा ओढूनताणून जोडाव्या लागतात.

म्हणून चांगले शिक्षक सकाळी एक चाचणी करून घेतात, आणि त्यांनी घेतली नाही तरी आपण ती करावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मोजावे. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच भरल्या पाहिजेत. मधली पट्टी एक इंचापेक्षा अरुंद आली तर शिवण धाग्याच्या जाडीएवढी कडेकडे सरकवावी, कारण इस्त्रीनंतर घडीत थोडे कापड जाते आणि त्यासाठी शिवण पाव इंचाहून किंचित कमीच लागते. पुष्कळ जण शिवताना सुईकडे पाहतात. शिक्षक शेजारी येऊन त्यांची नजर सुईच्या पुढे, फूटच्या कडेला कापड जिथे टेकते तिथे वळवतात, आणि तेवढ्यानेच शिवण सरळ येऊ लागते. व्हिडिओ आपली नजर कुठे आहे ते पाहू शकत नाही.

इस्त्रीचेही तसेच आहे. घरातल्या कपड्यांवरून आपण इस्त्री पुढेमागे फिरवतो, पण जोडलेल्या तुकड्यांवर ती उचलून ठेवायची असते, सरकवायची नसते. त्रिकोणी तुकड्यांची लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, असल्यामुळे ती इस्त्रीच्या ओढीने सहज ताणते आणि चौकोन वाकडा होतो. शेजारच्या दोन रांगांमधील घड्या विरुद्ध दिशांना वळवल्या की जोडताना त्या एकमेकींत अडकतात आणि कोपरे टाचणीशिवायही जुळतात. चौकोनांतून त्रिकोणांचे जोड करताना कापड थोडे मोठे घेऊन नंतर छाटावे, असे मी आग्रहाने सांगेन. तीन इंचांच्या तयार चौकोनासाठी हिशेबाने ३⅞ इंचांचे तुकडे पुरतात, पण ४ इंचांचे घेऊन जोड शिवणीच्या जागेसह साडेतीन इंचांवर छाटला तर बारीकसारीक चूक त्यात जिरते.

वर्गात कसे वागावे

गती हा कार्यशाळेतला सर्वांत मोठा मोह आहे. शेजारच्या व्यक्तीचे चार ब्लॉक झालेले पाहून आपला हात नकळत वेगाने चालू लागतो आणि शिकायला आलेली गोष्टच बाजूला पडते. त्याऐवजी एकच नमुना नीट करावा, चुकला तर उसवून पुन्हा करावा, आणि शिक्षक प्रात्यक्षिक दाखवत असताना मशीन बंद ठेवून उठून जवळ जावे. प्रत्येक टप्प्याचा एक तुकडा अर्धवट अवस्थेतच वहीत टाचून ठेवावा: कापलेला, एक शिवण घातलेला, इस्त्री केलेला. काही महिन्यांनी लिहिलेल्या टिपणांपेक्षा हे तुकडेच अधिक बोलतात. छायाचित्रे किंवा चित्रीकरण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि वर्गात मिळालेले छापील आराखडे इतरांना वाटू नयेत. ते तयार करणे हेच त्या शिक्षकाच्या चरितार्थाचे साधन असते.

ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ साली बाजारात आणलेल्या रोटरी कटरमुळे क्विल्टचे कापकाम कित्येक पटींनी सोपे झाले, पण भरलेल्या खोलीत तोच सर्वांत धोकादायक असतो. प्रत्येक काप झाल्यावर पाते झाकावे, कापताना कटर स्वतःपासून दूर न्यावा आणि मोजपट्टी धरलेल्या हाताची बोटे कडेबाहेर येऊ देऊ नयेत. बोलत बोलत कापू नये, हे वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

जे सुख दुसरीकडे मिळत नाही

एकच आराखडा घेऊन पंधरा जण बसतात आणि संध्याकाळी भिंतीवर पंधरा निरनिराळे ब्लॉक टाचलेले असतात, त्या वेळी रंगांविषयी जे कळते ते मला तरी कोणत्याही पुस्तकातून कळले नव्हते. आपण कधीच हातात घेतले नसते असे कापड दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये चमकताना दिसते. शेजारी बसलेल्या अनुभवी व्यक्तीची धागा ओवण्याची, गाठ वरच्या कापडातून हलक्या झटक्याने आत ओढून मधल्या थरात लपवण्याची किंवा अंगुस्तान घातलेल्या बोटाने आखूड सुई मागेपुढे झुलवत एका वेळी तीन-चार टाके घेण्याची रीत आपण नुसते पाहत राहतो आणि ती हळूहळू आपल्या हातात उतरते. शिवाय घरातल्या कामांच्या व्यत्ययावाचून सलग काही तास शिवणाला मिळणे, हे ज्यांना रोज मिळत नाही त्यांना त्याची किंमत ठाऊक असते.

नेमकेपणाचा कंटाळा आलेल्यांनी एकदा तरी आराखड्याविना, उत्स्फूर्तपणे शिवण्याच्या कार्यशाळेला जावे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या क्विल्ट २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांतल्या रेषा मुद्दाम काटेकोर ठेवलेल्या नाहीत, तरीही रंगांचा तोल जराही ढळत नाही. ही मोकळीक शिकवणारा शिक्षक मिळाला तर ते भाग्य समजावे.

जे खटकते, आणि त्यावर काय करावे

अपुरा प्रकाश, खालीवर होणारी टेबले, पंधरा मशीनचा एकत्रित आवाज आणि दिवसअखेर भरून आलेले खांदे, हे जवळपास प्रत्येक ठिकाणी असते. टेबल आपल्या सोयीचे नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून हाताची कोपरे मशीनच्या पातळीला आणावीत आणि तासाला एकदा उठावे. दिव्यांच्या प्रकाशात कापडाचे रंग बदलतात, म्हणून शेवटची निवड खिडकीजवळ जाऊन करावी.

याहून गंभीर अडचण शिक्षकाच्या आवडीची असते. समर्थ शिक्षकाचे रंग आणि रचना इतक्या प्रभावी असतात की त्यांच्या वर्गातून आलेल्या सगळ्या क्विल्ट एकाच हाताच्या वाटतात. तंत्र त्यांचे घ्यावे आणि कापड मात्र स्वतःच्या पसंतीचे न्यावे. तयार संच घेणे बंधनकारक नसेल तर मी तो घेऊ नये असेच म्हणेन. काही शिक्षक चूक सर्वांसमोर दाखवतात, आणि नवख्या माणसाचा हात त्याने आखडतो. अशा वेळी मधल्या सुट्टीत जाऊन आपली अडचण एकट्याने विचारणे उत्तम.

आणि मग अर्धवट कामांचा ढीग. कार्यशाळांची गोडी लागली की दर वेळी नव्या नमुन्याचे दोन-चार ब्लॉक घरी येतात, आणि त्यांतले एकही पुढे सरकत नाही. माझा नियम असा, की घरी आल्यावर आठवड्याच्या आत तोच ब्लॉक कोणाच्या मदतीशिवाय पुन्हा शिवायचा. तो जमला तर कार्यशाळेचा हेतू साध्य झाला, मग ती क्विल्ट पूर्ण करायची की नाही हा स्वतंत्र निर्णय आहे. करायची नसेल तर ब्लॉकभोवती पट्ट्या लावून सारे एका मापाचे करावेत, म्हणजे निरनिराळ्या कार्यशाळांतले ब्लॉक एकाच क्विल्टमध्ये बसतात. किंवा एका ब्लॉकखाली मधला थर आणि अस्तर लावून त्यावर क्विल्टिंगचा सराव करावा. घरी पुन्हा शिवायचा तो ब्लॉक शिवून होत नाही तोवर पुढच्या कार्यशाळेला नाव नोंदवू नये.