विसार घेण्याआधी

दिंडोरीत दुय्यम निबंधक कचेरीबाहेर माझं दस्तलेखनाचं टेबल आहे. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, 2027चा सिंहस्थ कुंभमेळा आहे, त्यामुळे जमीन बघणाऱ्यांच्या गाड्या थेट बागेच्या बांधापर्यंत येतात. विकू नका असं मी कुणाला म्हणत नाही. सोसायटीचं कर्ज मला फेडायचं नसतं. पण विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, खिशात घालायच्या आधी चार कागद नीट बघा.

आपलाच सातबारा पहिला. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा काढा, सोबत आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी). 'इतर हक्क'मध्ये कुळ, बोजा, बहिणींची नावं काय आहेत ते वाचा. बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल तर तिची सही लागणार, ती सासरी सुखी आहे हे कारण कचेरीत चालत नाही.

सातबाऱ्यावर 'वर्ग 2' (विकायला सरकारी अटी असलेली जमीन) दिसलं की एजंट तोंड वाकडं करून भाव पाडतो. घाबरू नका. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल आणि खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं उलटली असतील, तर आकाराच्या (सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा सरकारला भरून ती विकता येते. आकार सहा रुपये असेल तर नजराणा 240 रुपये. एवढ्यासाठी एकरी लाख-दोन लाख सोडायचे का? इनामाची, वतनाची गोष्ट मात्र वेगळी, तिथे तहसीलला विचारा. आणि खातेदार आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 36अ आहे: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला व्यवहार नाही. पेठ-सुरगाण्याकडच्यांनी तर हे पाठच करावं.

मग घेणारा कोण ते बघा. शेतकरी नसलेल्याला, म्हणजे कंपनीलाही, शेतजमीन सरसकट घेता येत नाही. कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. म्हणून पुढे कुणीतरी शेतकरी उभा केलेला असतो. त्याचा सातबारा मागा. चेकवर कुणाच्या खात्याचं नाव आहे तेही बघा. बोलणारा एक, चेक दुसऱ्याचा आणि साठेखत (पुढे खरेदी करून देण्याचा करार) तिसऱ्याच्या नावे असेल तर सही थांबवा.

आता साठेखत. गुंतवणूकदाराला घाई नसते, त्याला तुमची जमीन थोड्या पैशात अडकवून भाव वाढायची वाट बघायची असते. माझ्या टेबलावर आयता मसुदा येतो, त्यात एक ओळ हमखास असते: 'टायटल क्लिअर झाल्यापासून सहा महिन्यांत खरेदीखत करून देणेचे आहे.' टायटल क्लिअर झालं हे ठरवणार कोण? त्यांचाच वकील. ही ओळ खोडा आणि तारीख घाला, दिवस-महिना-वर्षासह. तारीख असेल तर करार पुरा करून मागायला कोर्टात जायची मुदत त्या तारखेपासून तीन वर्षं. नसेल तर तुम्ही नकार दिल्याचं त्याला कळेपर्यंत ती सुरूच होत नाही. दुसरी ओळ: 'लिहून घेणार (म्हणजे खरेदीदार) किंवा ते सांगतील त्या इसमाचे नावे.' याचा अर्थ तो तुमचाच सौदा पुढे चढ्या भावाने विकणार. तीही काढा. मुदतीत पैसे आले नाहीत तर विसार जप्त आणि साठेखत रद्द, असं स्पष्ट लिहा. कारण रद्दलेखाला, म्हणजे साठेखत रद्द करायच्या दस्ताला, त्याचीही सही लागते. आणि नंतर तो फोन उचलत नाही.

कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने सह्या करायचा अधिकार) मागितलं तर नाही म्हणा. 'मोजणीसाठी लागतं काका' असं गोड बोलतात. मोजणीचा अर्ज खातेदाराला स्वतः करता येतो.

पैसे बँकेतूनच. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत तर आयकराचा दंड तितक्याच रकमेचा बसू शकतो. नाशिक महापालिका हद्दीपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आत असाल तर भांडवली नफ्याचं सीएला आधी विचारा.

थोडीच जमीन विकत असाल तर उरलेल्या तुकड्याचा विचार खरेदीखतातच करा: गाडीरस्ता किती फूट, विहिरीत हिस्सा किती, वीजजोडणी कुणाची. वाघाड-करंजवण धरणांवरून आणलेली पाइपलाइन विकलेल्या गटातून जात असेल तर ती कुठून जाते ते नकाशावर दाखवून, दुरुस्तीला आत जाण्याच्या हक्कासह लिहून घ्या. तोंडी 'हो' म्हणणारा घेणारा वर्षभरात कंपाउंड घालतो.