गच्चीवरचा कवडसा आणि पृथ्वीचा घेर

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी प्रत्येक घरात एकदा तरी फुटतोच. फेस येतो, टाळ्या पडतात, कुणीतरी फरशी पुसतं, आणि विज्ञान संपतं. सहावी ते आठवीच्या मुलांना मी तो सुचवत नाही. या वयात हात स्थिर झालेला असतो, भागाकार जमतो, कंपासपेटी दप्तरात नुसती खुळखुळत असते. त्यांना मोजायला काहीतरी द्यावं, आणि शक्यतो असं, ज्याचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या मागे छापलेलं नाही.

म्हणून हा प्रयोग. तुमच्या गच्चीवर आणि दुसऱ्या गावातल्या भावंडाच्या गच्चीवर एकाच दिवशी ऊन मोजायचं, आणि त्यावरून पृथ्वीचा घेर काढायचा. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसने हेच केलं होतं. आजच्या आस्वानला सूर्य बरोबर डोक्यावर असताना उत्तरेला अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला होता. ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन गावांमधलं अंतर गुणिले ५०. आपणही तेवढंच करायचं आहे.

दुसरं गाव उत्तरेला किंवा दक्षिणेला हवं. मुंबई–नाशिक जोडी फार जवळची. कोल्हापूर–नागपूर उत्तम. आत्या, मामा, शाळा बदलून गेलेली मैत्रीण, कुणीही चालेल. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला निवडा. आभाळ स्वच्छ असतं आणि सावल्या लांब पडतात. मी २२ डिसेंबरचे आकडे धरून लिहितो आहे.

मांडणी

कॅरमबोर्ड गच्चीवर न्या. थेट फरशीवर मोजायला जाल तर फसाल, कारण पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बोर्डावर एक गोटी ठेवा. घरंगळली, तर त्या बाजूखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत राहा. गोटी जागच्या जागी थांबली की बोर्ड सपाट झाला. त्यावर चार्ट पेपर आडवा पसरून कडेने चिकटवा.

एका बरणीत वाळू भरून त्यात काठी रोवा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याला कर्कटकाच्या टोकाने दोन मिलिमीटरचं भोक पाडा आणि तो पुठ्ठा काठीच्या टोकावर आडवा चिकटवा, असा की भोकाची बाजू बरणीच्या बाहेर उत्तरेकडे येईल. बरणी बोर्डाच्या दक्षिण कडेला ठेवा. भोकातून दोरा सोडून त्याला नट बांधा, झाला ओळंबा. नट जिथे टेकतो तिथे कागदावर ठिपका द्या. हा आपला 'पाया'. पाया ते भोक ही उंची बरोबर ५० सेंटिमीटर भरेल असं जमवा, मग दोरा काढून घ्या.

नुसती काठी उभी करून सावलीचं टोक का मोजायचं नाही? करून पाहा. टोक नेमकं कुठे आहे यावरून घरात भांडण होईल. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड पुसट होते. भोकातून मात्र पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याचा छोटासा कवडसा पडतो आणि त्याचा मध्य सापडतो.

एक सक्त ताकीद: भोकाला डोळा लावून सूर्याकडे कुणीही बघायचं नाही. आपण कागदाकडे बघतो, सूर्याकडे नाही.

मोजणी

सुरुवात करण्याआधी मुलांना विचारा, कवडसा पायाच्या सर्वांत जवळ किती वाजता येईल? उत्तर वहीत लिहून घ्या, शाईने. बहुतेक जण १२ लिहितात.

मग सकाळी ११ ते दुपारी २, दर पंधरा मिनिटांनी कवडशाच्या मध्यावर ठिपका आणि शेजारी वेळ. तीन तास बसून राहायची गरज नाही, गजर लावा. शेवटी सगळे ठिपके हातानेच एका सलग वक्ररेषेत जोडा.

सर्वांत जवळचा ठिपका नुसता बघून निवडू नका. दुपारच्या आसपास अंतर इतकं हळू बदलतं की पंधरा-वीस मिनिटं ते सारखंच वाटतं. त्याऐवजी पायाशी दोरा धरून, पेन्सिल बांधून, वक्ररेषेला दोन ठिकाणी छेदेल असा कंस काढा. ते दोन छेदबिंदू जोडा, त्या रेषेचा मध्य काढा, पायापासून मध्यातून रेघ ओढा. ही झाली खरी उत्तर दिशा. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषात अशा काठीला शंकू म्हणत आणि दिशा याच रीतीने काढत. ही रेघ वक्ररेषेला जिथे कापते तिथे तुमच्या गच्चीची खरी दुपार. पायापासून तिथपर्यंतचं अंतर मिलिमीटरपर्यंत मोजा.

त्या बिंदूची वेळ काढा आणि वहीतलं उत्तर पाहा. कोल्हापुरात साडेबारा होऊन गेलेले असतील, नागपुरात साधारण १२ वाजून १२ मिनिटं. घड्याळ बिघडलेलं नाही. भारतभरची घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि ते मिर्झापूरजवळून जातं. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून आपण त्या रेषेच्या जितके पश्चिमेला तितकी आपली दुपार उशिरा. त्यातही वर्षभर मागेपुढे होतंच. मुंबईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरी दुपार १२:२२ ला होते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५३ च्या सुमारास. म्हणूनच दोन्ही गावांनी घड्याळात ठरवून एकाच क्षणी मोजायचं नाही. ज्याने त्याने आपापल्या दुपारी मोजायचं.

हिशोब

२२ डिसेंबरला ५० सेंटिमीटर उंचीसाठी कोल्हापुरात हे अंतर ४२ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं, नागपुरात ४९ च्या थोडं वर. हे आकडे मुलांना आधी सांगू नका. सांगितलेत तर तेच 'येतील'.

आता काटकोन त्रिकोण काढायचा: उभी बाजू ५० सेंटिमीटर, आडवी बाजू मोजलेलं अंतर, आणि वरच्या टोकाचा कोन मोजायचा. वहीत छोटा त्रिकोण काढून कंपासपेटीतल्या कोनमापकाने काम भागत नाही. तिथे अर्धा अंश इकडचा तिकडे सहज होतो, आणि दोन्हीकडून झाला तर घेर पाच-दहा हजार किलोमीटरने हुकतो. जुन्या वर्तमानपत्रांवर खऱ्या मापाचा त्रिकोण काढून मोठा कोनमापक लावा, नाहीतर घरात दहावीतली ताई असेल तर तिला गाठा. तिचं त्रिकोणमितीचं प्रकरण एकदा तरी कामी येऊ दे.

कोल्हापूरचा कोन साधारण ४०.१, नागपूरचा ४४.६, फरक साडेचार अंशांच्या आत. तोच पृथ्वीच्या वर्तुळातला तुमच्या वाट्याचा तुकडा.

उरलं अंतर. इथे मुलं फोनवर रस्त्याचं अंतर बघतात आणि घेर भलताच फुगतो. आपल्याला फक्त उत्तर-दक्षिण अंतर हवं. शाळेच्या नकाशावर नागपुरातून आडवी रेघ काढा, कोल्हापुरातून उभी. उभ्या रेघेची लांबी नकाशाच्या प्रमाणाने गुणली की सुमारे ४९५ किलोमीटर मिळतात. (नकाशा वापरणं ही थोडी लबाडीच आहे, पण पायी मोजायला सांगणार कुणाला?) ३६० ला कोनांच्या फरकाने भागा आणि ४९५ ने गुणा. खरा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. तुमचं उत्तर ३७ ते ४३ हजारांत आलं तर पेढे वाटा. २५ हजार आलं तर वही उघडा आणि शोधा: बोर्ड हलला का, ओळंबा पुन्हा पाहिला का, कंस नीट छेदला का. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एका दिवसात सूर्य फारसा सरकत नाही.

ढग आले तर

कुलपाला दोरा बांधून दाराच्या चौकटीला लटकवा, लांबी गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर. थोडासाच झोका द्या. जाऊन परत येणं म्हणजे एक, असे २० झोके सुमारे ४० सेकंदांत होतात. आता दोरा २५ सेंटिमीटर केला तर किती लागतील? आधी शाईने लिहा. १० सेकंद लिहिणाऱ्यांना २० मोजून दाखवा, आणि मग त्यांनाच जड कुलूप लावून पुन्हा मोजायला सांगा.

कॅरमबोर्ड मात्र मे महिन्यापर्यंत हाताशी ठेवा. कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६ आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास भर दुपारी कवडसा नेमका पायावर येऊन बसतो. त्यानंतर काही आठवडे तो दक्षिणेला सरकतो, तेव्हा बरणी उत्तरेच्या कडेला न्यावी लागेल.