पंख्याची शिट्टी कशी बंद झाली

सोल्डरिंगचा धूर ओढायला १२ व्होल्टची डीसी मोटर लावली होती. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या ९ नंबर पिनवरून पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा सिग्नल), मध्ये मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच). वेग छान कमी-जास्त व्हायचा, पण हळू फिरवला की कान किटवणारी शिट्टी.

बेअरिंगचा दोष नव्हता. पीडब्ल्यूएम व्होल्टेज कमी करत नाही, पूर्ण १२ व्होल्टच चालू-बंद करतं. ५० टक्के वेळ चालू म्हणजे सरासरी ६. उनो हे सेकंदाला सुमारे ४९० वेळा करतो आणि तेवढ्याच कंपनसंख्येने मोटरची गुंडाळी थरथरते. ते ऐकू येणारच!

९ नंबर पिनची ही गती ठरवणाऱ्या टाइमर १चा प्रीस्केलर (घड्याळाच्या वेगाला भागणारा आकडा) ६४ वरून १ केला. वारंवारता ३१ किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे कानाला ऐकू येण्यापलीकडे गेली, आवाज गायब. (५-६ नंबरच्या पिनांचा टाइमर ० छेडू नका, वेळ मोजणारं मिलिस आणि थांबवून ठेवणारं डिले ही फंक्शन्स त्यावरच चालतात.)

मग मोटरला समांतर लावलेला, स्विच बंद होताना मोटरच्या करंटला वाट देणारा १एन४००७ डायोड तापू लागला. इतक्या वेगात तो वेळेवर बंद होत नाही. त्याजागी १एन५८१९ हा झटकन बंद होणारा शॉटकी डायोड बसवला. कमी ड्यूटीला (चालू राहण्याचा वेळ कमी असताना) मोटर आता जागेवरच अडते, म्हणून सुरुवातीला क्षणभर पूर्ण ताकद देतो.